बिलांची पिशवी

दर महिन्याच्या नऊ तारखेला संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या जिन्याखाली एक स्कूटर थांबते. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन चालवणारे एक गृहस्थ वर येतात. ते माझ्या नवऱ्याचे मित्र, म्हणून मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला वहिनी. हातात साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी असते. तीत महिन्याभराची विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, जॉबवर्कची चलनं, पेट्रोलच्या पुसट झालेल्या पावत्या, लाईटबिल, नव्या कामगाराच्या आधारची झेरॉक्स आणि बऱ्याचदा एखादी लग्नपत्रिका. पिशवी टेबलावर ठेवत ते म्हणतात, "वहिनी, ही घ्या. आता तुम्ही आणि सरकार बघून घ्या." पाणीसुद्धा न पिता खाली उतरतात. अकरा तारखेच्या आत त्यांचं जीएसटीचं विक्रीचं विवरण, म्हणजे रिटर्न, जायला लागतं. उलाढाल बघता त्यांना तिमाही भरून चाललं असतं, पण ज्या कंपनीला माल जातो तिला खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, दर महिन्याला दिसायला हवं असतं. त्यामुळे दर नऊ तारखेला पिशवी येते.

याच दादांची मुलगी बी.कॉम. झाली आहे. ती पहाटे चारला उठते आणि साडेचारला लॅपटॉप उघडते, कारण तेव्हा मेलबर्नमध्ये सकाळ असते. तिथल्या एका प्लंबरचे हिशोब ती सांगलीत बसून लिहिते. त्याची बिलं, कामगारांचे तास, पाईपवाल्याचं देणं, सगळं. तिकडे जीएसटीचा एकच दर, दहा टक्के. तिमाहीचं विवरण पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत जातं, फक्त डिसेंबरच्या तिमाहीला एक महिना जास्त मिळतो. ते विवरण फी घेऊन दाखल करणारा माणूस नोंदणीकृतच लागतो, म्हणून तयारी ही करते आणि दाखल तिकडचा एजंट करतो. बँकेच्या खात्यात तिला व्यवहार दिसतात, पैसे पाठवता येत नाहीत. कुठलं काम कुणाचं, कोणत्या वारी काय पाठवायचं, शंका आली तर कुणाला विचारायचं, हे सगळं तिच्याकडे लिहून आलेलं आहे. तो कागद तिनं मला दाखवला होता.

म्हणजे एकाच घरात मेलबर्नच्या प्लंबरचं काम येतं आणि त्याच घरातून लेथवाल्याचं काम विश्रामबागला माझ्या घरी जातं. दोन्ही ठिकाणी काम बाहेरच दिलेलं आहे. पण प्लंबरनं ते लिहून दिलंय, आणि दादांनी पिशवीत घालून.

मी याच धंद्यात आहे. नऊ लहान व्यवसायांची बिलं, रिटर्नं, पगारपत्रकं, पीएफ, पत्रव्यवहार मी घरातल्या एका खोलीतून बघते. तेव्हा लहान व्यावसायिकानं ऑफिसचं काम बाहेर द्यावं का, या प्रश्नावर माझं मत स्वार्थातून आलंय असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. माझं उत्तर 'द्यावं' असंच आहे. पण आज सांगली-मिरजेत ते ज्या रीतीनं दिलं जातं, त्याला मी काम बाहेर देणं म्हणत नाही. ते अंगावरून झटकणं आहे. आणि झटकलेल्या कामाची वसुली शेवटी मालकाकडूनच होते.

आउटसोर्सिंग हा शब्द उच्चारला की आपल्याकडची पोरं सावध होतात. २०२३ साली सरकारी नोकरभरती बाह्ययंत्रणेमार्फत करायचा निर्णय निघाला, त्यावर रान उठलं आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. तो राग मला समजतो. तिथं कायमची जागा होती आणि ती कंत्राटात जाणार होती. लहान दुकानात तशी जागाच नाही. चार कामगारांच्या वर्कशॉपला पूर्णवेळ कारकून परवडत नाही. माझ्या माहितीत तरी, टॅली आणि जीएसटी दोन्ही येणारा माणूस आज पंधरा हजारांच्या खाली मिळत नाही, आणि मिळालाच तर सहा महिन्यांत पुण्याला जातो. मग ते काम आजवर कोण करत होतं?

आमच्या घरात त्याला दिवाणजी म्हणत. माझे सासरे गणपती पेठेतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते, नंतर दुकान मार्केट यार्डात गेलं तसे तेही गेले. हळदीच्या हंगामात रात्री दहा वाजले तरी कीर्द लिहून झाल्याशिवाय ते उठत नसत. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, पानांवर छापील रेघ नाही, कागदाला घड्या पाडून केलेले रकाने, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. शेतकऱ्याची पट्टी करताना हमाली किती, तोलाई किती, अडत किती, हे तोंडपाठ. मालकानं आयुष्यात स्वतः एक ओळ लिहिली नसेल. तेव्हा धंद्याचं लिखापढीचं काम दुसऱ्याकडे देणं ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नव्हे. पेठेतला व्यापारी ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय.

फक्त एक गोष्ट होती. दुकान बंद करताना मालक विचारायचा, "दिवाणजी, शिल्लक?" सासरे आकडा सांगायचे, मालक गल्ल्यातली रोकड मोजायचा आणि दोन्ही जुळल्यावर दिवा मालवायचा. एवढंच. पाच मिनिटांचं काम, पण रोजचं. दिवाणजीनं मालकाला बुडवल्याच्या गोष्टीही पेठेत पुष्कळ आहेत, मी काही जुन्या काळाच्या आरत्या ओवाळत नाही. पण त्या गोष्टी नीट ऐकल्या तर बहुतेक ठिकाणी आढळतं, की मालकानं शिल्लक विचारायचं आधी बंद केलं होतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि शिल्लक विचारायची सोयच गेली. म्हणजे वही गेली, आणि तिच्या जागी एक पोर्टल आलं. ते मालकाच्या मोबाईलवर उघडत नव्हतं आणि उघडलं तरी वाचता येत नव्हतं. नोंदणी करताना मोबाईल नंबर आणि ईमेल विचारला गेला. गर्दी अशी, की कर सल्लागारांच्या ऑफिसातल्या मुलांनी पन्नास-पन्नास गिऱ्हाइकांना स्वतःचाच नंबर घालून टाकला. त्यांचंही बरोबर होतं, प्रत्येक ओटीपीला मालकाला फोन कोण करणार? मालकही खूश. डोक्याला ताप नाही.

आमचंही तसंच झालं होतं. नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मी लग्नानंतर त्याची बिलं लिहायला लागले होते, पण रिटर्न बाहेरच्या एका ऑफिसात जायचं. मी दर महिन्याला बिलांची फाईल नेऊन द्यायची, तिथला मुलगा "झालं वहिनी" म्हणायचा, मी पैसे देऊन यायचे. २०१८ च्या दिवाळीनंतर एका कंपनीच्या अकाउंट्समधून फोन आला. "तुमचा जीएसटी नंबर कॅन्सल दाखवतोय. पेमेंट होल्ड केलंय." मला वाटलं त्यांचीच काहीतरी चूक. त्या ऑफिसात गेले तर कळलं, की आमचं काम बघणारा मुलगा उन्हाळ्यातच नोकरी सोडून गेला होता. नवीन आलेल्याला आमची फाईलच माहीत नव्हती. माझ्या सहा महिन्यांच्या सहा फायली कपाटात एकावर एक रचलेल्या, रबरबँडसुद्धा मीच लावलेले. नोंदणी रद्द होणार असल्याची नोटीस रीतसर निघाली होती. ती पोर्टलवर पडली आणि तिचा मेसेज गेला त्या गेलेल्या मुलाच्या नंबरवर. नोटीस पोर्टलवर ठेवली की ती पोचली, असं कायदा धरतो.

हिशोब सांगते. तेव्हा दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क होतं. सहावं रिटर्न तीस दिवस उशिरा, पाचवं साठ, असं करत पहिलं एकशेऐंशी. बेरीज ६३० दिवस, म्हणजे ३१,५०० रुपये. वर थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. सगळी रिटर्नं भरल्याशिवाय नंबर परत चालू करायचा अर्जही घेत नाहीत. आणि अडकलेलं पेमेंट वेगळंच. त्या ऑफिसानं दिलगिरी व्यक्त केली, त्या महिन्याची फी घेतली नाही. याहून जास्त आम्ही काही मागूही शकलो नाही, कारण त्यांनी काय करायचं ठरलंय याचा एक चिटोराही आमच्याकडे नव्हता. कायदाही त्यांच्याच बाजूचा. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ४८ स्पष्ट सांगतं, की तुमच्या वतीनं जीएसटी प्रॅक्टिशनरनं, म्हणजे नोंदणीकृत सल्लागारानं, रिटर्न भरलं तरी त्यातल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी नोंदणी असलेल्या व्यक्तीचीच राहील. दादा म्हणतात तसं 'तुम्ही आणि सरकार' असं कायद्यात कुठंच नाही. तिथं दादा आणि सरकार आहेत. मी मध्ये नाहीच.

त्या महिन्यात मी सगळं स्वतःच्या हाती घेतलं, पुढे परीक्षा देऊन प्रॅक्टिशनर झाले, आणि नवऱ्याच्या ओळखीतले एकेक जण पिशव्या घेऊन यायला लागले. हा झाला माझ्या धंद्याचा उगम. पण त्याच्या आधीची सात-आठ वर्षं मी जे केलं त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

बिलं मी लिहायची. कामगारांची हजेरी मी ठेवायची. शनिवारचा बटवडा मी मोजायचा. उधारीचे फोन मी करायचे, कारण बाईचा आवाज ऐकला की समोरचा शिवी देत नाही आणि निदान तारीख तरी सांगतो. स्वयंपाक झाल्यावर, मुलाचा अभ्यास घेतल्यावर, रात्री. याबद्दल एक रुपया कुणी धरला नाही, मीही धरला नाही. मिरजेत, माधवनगरला, विट्याच्या मागांच्या शेडमध्ये, तासगावच्या बेदाण्याच्या पेढीवर, कुठंही जा. "आमच्याकडे ऑफिस स्टाफ नाही हो, घरच्या घरीच बघतो" असं जिथं अभिमानानं सांगितलं जातं, तिथं आतल्या खोलीत एक बी.कॉम. झालेली सून बसलेली असते. लहान धंद्याचं प्रशासन आपण केव्हाच बाहेर दिलंय. ऑफिसाबाहेर काढून ते घरात दिलंय, फुकट. आणि मग हिशोबतपासणीला बसलेला माणूस सांगतो, की या धंद्याला प्रशासकीय खर्च नगण्य आहे.

म्हणून 'घरचं काम घरातच बरं' हा जो मुद्दा बाहेर काम देण्याच्या विरोधात हमखास येतो, त्याच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. सुनेला महिन्याचे पैसे देऊन ते काम दिलं, तिच्या नावानं पगार निघाला, तर जरूर घरातच ठेवा. कितीतरी घरांत तेच सर्वांत चांगलं होईल. पण पगाराचा विषय काढला की घरातला माणूस दचकतो. "घरात काय पगार द्यायचा?" बाहेरच्या बाईला देताना दचकत नाहीत. माझ्या नऊ गिऱ्हाइकांपैकी चौघांच्या घरात माझं काम करू शकेल अशी शिकलेली बाई आहे, हे मला ठाऊक आहे. ती आता ते करत नाही, कारण तिनं एक दिवस हात वर केले. तिच्या हात वर करण्यावर माझी रोजीरोटी चालते. यावर मी अजून काय लिहू?

बाहेर देण्याच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा मला २०१९ च्या ऑगस्टनं दिला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गणपती पेठेत पाणी शिरलं. तिथल्या एका किराणा व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला. बॅकअप घेतलेला पेन ड्राईव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. सगळं तीन दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा त्यांच्या आई गच्चीवर दोरी बांधून उधारीच्या वह्या वाळत घालत होत्या, कपड्यांसारख्या, चिमटे लावून. शाई पसरून निळे ढग झालेले. "यातलं एखादं पान लागतंय का बघ गं," म्हणाल्या. एकही लागलं नाही. मी तेव्हा पेठेतल्याच दुसऱ्या एका दुकानाचं काम घेतलेलं होतं. त्यांचा मालही बुडाला, पण येणं-देणं शाबूत होतं, कारण ते विश्रामबागला माझ्याकडे होतं आणि ढगातही होतं, पण त्या वेगळ्या, इंटरनेटवरच्या. विमा कंपनीला साठ्याची यादी त्यांनी आठवड्यात दिली. सरकारनं पूरग्रस्तांना रिटर्नची मुदत वाढवून दिली होती, पण ज्याच्याकडे वहीच उरली नाही त्यानं वाढीव मुदतीत भरायचं काय? हळद साठवायचं जमिनीतलं पेव असू दे नाहीतर पेन ड्राईव्ह, नदीकाठच्या गावात सगळं एकाच जागी ठेवायचं नसतं, हे हरिपूरच्या हळदवाल्यांना २००५ च्या पुरानंच शिकवलं होतं.

आता खरा आक्षेप, जो कुणी तोंडावर बोलत नाही. बाहेरच्याला काम दिलं की त्याला खरी उलाढाल कळते. कच्ची पावती, पक्की पावती, दोन्ही. सासऱ्यांच्या काळात दिवाणजी म्हणजे धंद्याचं गुपित सांभाळणारा माणूस, त्याची निष्ठा पगारापेक्षा मोठी मानली जायची, आणि त्या निष्ठेत काय काय झाकलं जायचं तेही सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की कच्च्या पावत्या पिशवीत घालू नका, मी बघितल्या तर त्या धरणार. दोघे उठून गेले. एक वर्षानं परत आला, कारण ज्याला तो माल देत होता त्यानंच पक्क्या बिलाशिवाय माल घ्यायचं बंद केलं. २०२२ पासून पुरवठादारानं बिल अपलोड केलं नाही तर घेणाऱ्याला क्रेडिटच मिळत नाही. पोलिसापेक्षा गिऱ्हाईक कडक झालंय. तेव्हा गुपित फुटेल ही भीती खरी आहे, पण ती बाहेर काम देण्याची भीती नाही. ती कच्च्या पावतीची आहे, आणि तिच्यावरचा उपाय माझ्याकडे नाही.

दुसरा आक्षेप तरुण मुलं घेतात. काकू, हे सगळं ॲप करतंय की आता, माणूस कशाला? २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमकी घटस्थापना होती, जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, बिस्किटं १८ वरून ५ वर, तूप १२ वरून ५ वर. सॉफ्टवेअरमध्ये दर एका रात्रीत बदलले, हे कबूल. पण माझ्या किराणावाल्याला त्या सकाळी वेगळंच हवं होतं. त्याच्या गोदामात जुन्या दरानं घेतलेला माल होता, दारात गिऱ्हाईक "टीव्हीवर स्वस्त झालंय म्हणत्यात" म्हणून भांडत होतं, आणि काल रात्री निघालेल्या बिलाचा माल आज पोचणार होता. "नवा दर लावू का जुना?" हे त्यानं मला फोन करून विचारलं, ॲपला नाही. ॲपनं मोजणी सोपी केली. विचारायला जागा लागतेच.

आणि एक गोष्ट, जी फक्त रिटर्नं भरणाऱ्या ऑफिसात होत नाही. २०२३-२४ पासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणजे मार्चमध्ये आपलं बिल थकवणाऱ्या मोठ्या कंपनीला त्या वर्षी जास्त कर बसतो. लहान उत्पादकाच्या हातात आलेलं हे चांगलं हत्यार आहे. पण त्यासाठी उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर बिलावर छापलेला हवा, आणि फेब्रुवारीत कुणीतरी थकबाकीची यादी काढून नम्रपणे एक पत्र पाठवायला हवं. दादांना हा नियम मी सांगितला तेव्हा त्यांची उद्यम नोंदणी होऊन तीन वर्षं झाली होती आणि प्रमाणपत्र पिशवीतल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात होतं. लेथवर बसलेल्या माणसानं हे लक्षात ठेवावं ही अपेक्षाच चूक आहे. हे बाहेरच्या माणसाचं काम. पण त्याला हे काम सांगितलेलं असलं पाहिजे, 'रिटर्नं तेवढी बघा' एवढ्यावर नव्हे.

मग कसं द्यावं? मी माझ्या गिऱ्हाइकांकडून जे करून घेते ते सांगते, कुणाला पटलं तर बघा. पोर्टलवरचा मोबाईल नंबर मालकाचाच, यात तडजोड नाही. पासवर्ड मी घेत नाही. मालकाला त्याच्या लॉगिनमधून नोंदणीकृत प्रॅक्टिशनर नेमता येतो, आणि पटलं नाही तर काढूनही टाकता येतो, ही सोय पोर्टलवर आहे, पण वापरणारा मला विरळाच भेटतो. डिजिटल सहीचं टोकन, ते पेन ड्राईव्हसारखं असतं, सल्लागारांच्या ड्रॉवरमध्ये रबर लावून ढिगानं पडलेलं मी पाहिलंय. कोऱ्या चेकवर सही करून शेजाऱ्याकडे ठेवावी तसं ते आहे. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्सही पिशवीतून फिरू नयेत. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोराचा कागद लग्नपत्रिकेबरोबर का फिरावा? आणि शेवटी एक पानाचा कागद, मराठीत. मी काय करणार, कोणत्या तारखेला, माझ्यामुळे उशीर झाला तर दंड कुणी भरायचा. हे शेवटचं वाक्य मी स्वतः घातलंय. ते घातल्यापासून मला झोप कमी लागते, पण फी वाढवून मागताना आवाज कापत नाही.

एवढं मालकानं करायचं. सरकारनं करायचं ते याहून सोपं आहे. आमच्या वाट्याला आलेली ती नोटीस इंग्रजीत होती, कलमांच्या आकड्यांनी भरलेली. नोंदणी रद्द होणार आहे, एवढं एक वाक्य मराठीत मालकाच्या फोनवर आलं असतं तर आमचे एकतीस हजार वाचले असते. गॅस सिलिंडर बुक झाल्याचा मेसेज मराठीत येतो.

आणि गावानंही काही करायचंय. या जिल्ह्यानं ऊस सहकारात आणला, दूध आणलं, सूत आणलं. पण एका गल्लीतले दहा दुकानदार दहा वेगवेगळ्या ऑफिसांत दहा पिशव्या नेऊन टाकतात, आणि कॉमर्स कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुली मेलबर्नच्या प्लंबरसाठी पहाटे उठतात. दहा जणांनी मिळून दोन मुली पगारावर ठेवल्या, एक खोली घेतली, तर प्रत्येकाला आजच्यापेक्षा फार जास्त पडणार नाही. सहकारी म्हटलं की आधी निवडणूक, मग पॅनेल आणि मग चेअरमनच्या गाडीचा खर्च, हे मलाही दिसतं, म्हणून सोसायटी काढा असं मी म्हणत नाही. पेठेतल्या भिशीइतकं साधं असलं तरी पुरे. भिशीचा हिशोब मात्र पेठेत कधी चुकलेला मी ऐकला नाही.

तो एक पानाचा कागद मी गेल्या महिन्यात दादांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, आणि जरा दुखावल्यासारखे झाले. "वहिनी, हे कशाला ओ? आपण काय परके हाय का?" मी म्हटलं, तुमच्या लेकीला प्लंबरनं दिलाय तसाच आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. सही केली आणि कागदाची घडी घालून पिशवीत टाकायला निघाले. मी तो काढून त्यांच्या खिशात घातला.

वीस तारखेला, कराचं रिटर्न जायच्या दिवशी, दुपारी फोन आला. मागे लेथचा आवाज.

"वहिनी, ओटीपी आलाय. सांगू का?"

"आधी मी पाठवलेला आकडा बघितलात का?"

थोडा वेळ नुसता लेथचा आवाज. मग तोही बंद झाला.

"थांबा," दादा म्हणाले. "चष्मा आणतो."